परत द्यायचे डबे

“मीठ किती?”

लग्नाला चौतीस वर्षं झाली, पण हा प्रश्न ह्यांनी मला पहिल्यांदा विचारला तो 2024च्या ऑक्टोबरात, वसुबारसेच्या आदल्या आठवड्यात. मी स्वयंपाकघरात स्टुलावर बसले होते. उजवा हात कोपराखालपासून बोटांच्या मुळापर्यंत प्लास्टरमध्ये, गळ्यात झोळी. हे ओट्यापाशी. आमटीला उकळी फुटली होती आणि आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेला माणूस हातात चमचा धरून उत्तराची वाट बघत होता.

“अंदाजाने घाला.”

“अंदाज म्हणजे किती?”

सांगायला गेले आणि लक्षात आलं की मला ठाऊकच नाही. रोज दोन वेळा घालते, पण किती ते कधी बघितलेलं नाही. प्लास्टरबाहेरची तीन बोटं मात्र आपसूक जुळली, चिमटी झाली आणि हवेतल्या हवेत जराशी झटकलीही गेली.

“हे एवढं.”

ह्यांनी चष्मा कपाळावर सरकवून माझ्या बोटांकडे नीट बघितलं. “त्यात काही नाहीये,” म्हणाले.

पडण्याची हकीकत फार नाही. दिवाळीची आवराआवर, माळ्यावरचा चकलीचा सोऱ्या आणि हेच स्टूल. सोऱ्याला हात लागला तेवढ्यात स्टूल निसटलं, मी हात टेकला आणि मनगट गेलं. पन्नाशी उलटलेल्या बायका पडल्या की बहुतेक मनगटच मोडून घेतात, असं डॉक्टर अगदी सहज म्हणाले, जणू मी रांगेतली पुढची. सहा आठवडे प्लास्टर. सोऱ्याला पोचाही आला नाही. त्या वर्षीचा फराळ विकतचा होता, त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून शंभरपानी चौकटीची वही आणली. पहिल्या पानावर ‘आमटी’. खाली दोन रेघा. ‘तुरीची डाळ – 1 वाटी, सपाट. पाणी – 3 वाट्या. मोहरी तडतडून थांबली की हिंग. थांबेपर्यंत थांबणे.’ मिठापुढे मात्र कंस करून प्रश्नचिन्ह. मी हसले, तर म्हणाले, “तू जे सांगतेस ना, ते सगळं ‘थोडं’, ‘बेताचं’, ‘होईल तसं’. ह्यावर मुलांना पेपर सोडवायला दिला असता तर पालक शाळेत आले असते.”

वहीतला तिसरा पदार्थ पिठलं. त्याच्याविषयी सांगायलाच हवं.

पिठलं सोपं, असं जगातले सगळे लोक समजतात. माझ्या हाताखाली ते दहा मिनिटांत होतं. पीठ आधी गार पाण्यात कालवून घ्यायचं, फोडणीत लसूण लाल होऊ द्यायचा, पाणी उकळलं की कालवलेलं पीठ एका हाताने धार धरून सोडायचं आणि दुसऱ्या हाताने घोटत राहायचं. यातलं ‘आधी कालवून घ्या’ सांगायचं माझ्याकडून राहिलं. कारण मी ते सांगत नसते, करत असते. ह्यांनी उकळत्या पाण्यात वाटीभर कोरडं बेसन एकदम उपडं केलं. गुठळ्या झाल्या. साध्या नाहीत, लिंबाएवढ्या. आत कोरडं पीठ, बाहेर चिकट. हे घाबरून डाव फिरवतायत, गॅस मोठा, पिठल्याचे फटफट बुडबुडे उडून ह्यांच्या मनगटावर पडतायत, आणि मी स्टुलावरून “बारीक करा, गॅस बारीक करा” म्हणून ओरडतेय. भिंतीवर पिवळे ठिपके. त्यातले दोन अजून आहेत.

पानं घेतली. ह्यांनी माझ्या ताटात भात, त्यावर पिठलं, बाजूला फोडलेला कांदा वाढला. कांदा बुक्कीने फोडलेला, तेवढा मात्र झकास. मी डाव्या हाताने कालवून पहिला घास घेतला. दातांखाली गुठळी आली, फुटली आणि टाळ्याला कोरडं बेसन चिकटलं. जिभेवर चार वाक्यं तयार होती. लसूण जळलाय. हळद कच्ची लागतेय. मीठ… मीठ बरोबर होतं. आश्चर्य म्हणजे अगदी बरोबर होतं.

समोर हे न जेवता माझ्या तोंडाकडे बघत बसलेले. चौतीस वर्षं मी असंच बघत आले आहे, हे मला त्या क्षणी कळलं. वाढून झाल्यावर पदराला हात पुसत, दुसरंच काही करतेय असं दाखवत. आणि ह्यांनी कधी काही म्हटलं नव्हतं. चांगलं नाही, वाईट नाही. त्यावरून माझी चिडचिडही कितीदा झालेली.

आपल्या भाषेत घरातल्या माणसाचे आभार मानायची सोय नाही. ‘आभारी आहे’ म्हटलं की सभा संपल्यासारखं वाटतं. ‘थँक्यू’ रिक्षावाल्याला ठीक आहे. नवऱ्याला ‘धन्यवाद’ म्हणणारी बाई मी अजून पाहिलेली नाही, पाहिली तर भांडण झालंय असंच समजेन. मी गुठळी गिळली, पाणी प्यायले आणि म्हटलं, “अजून थोडं वाढता का?”

ह्यांनी वाढलं. मग स्वतः जेवायला बसले, पहिला घास खाल्ला आणि चेहरा बदलला. माझ्याकडे बघून म्हणाले, “अगं, हे तू मागून घेतलंस?”

आता डब्यांकडे येते.

आमच्या इमारतीत बातमी लिफ्टपेक्षा लवकर चढते. प्लास्टर घातलं त्याच संध्याकाळी समोरच्या वहिनी आल्या. त्या सोलापूरच्या. पापडासारख्या पातळ कडक भाकऱ्यांची चळत आणि डबाभर शेंगाचटणी घेऊन. “महिनाभर टिकतंय, काळजी करू नका,” म्हणाल्या. आमच्याकडे आठ दिवस टिकलं. खालच्या मजल्यावरच्या आजींकडून मेथीची पातळ भाजी. कुणाकडून साबुदाण्याची खिचडी, कुणाकडून भोपळ्याचे घारगे. तिसऱ्या मजल्यावर आयटीतली दोन मुलं भाड्याने राहतात, एक लातूरचा, एक इंदूरचा. त्यांनी हॉटेलच्या पार्सलचा प्लास्टिकचा डबा धुऊन त्यात फ्लॉवर-बटाटा आणला आणि वर, “काकू, हा परत देऊ नका.” बरं वाटलं. कारण बाकीचे परत द्यायचे होते.

आणि शेजारचा डबा रिकामा परत द्यायचा नसतो. हे मला कुणी शिकवलेलं आठवत नाही. अगदीच काही नसलं तर तळाशी मूठभर साखर घालून द्यायची. हात मोडला म्हणजे ही देवघेवच थांबली. डबे धुऊन पुसून फ्रिजवर रचले. कार्तिकी एकादशीपर्यंत सहा, मतदानाच्या दिवसापर्यंत नऊ. (20 नोव्हेंबरला वहिनींनी मला कोपराला धरून केंद्रावर नेलं. शाई डाव्या तर्जनीला लागली, तेव्हा ह्यांच्या मते माझे दोन्ही हात कामातून गेले.) येता-जाता नजर फ्रिजवर जायची. नऊ डबे म्हणजे नऊ उधाऱ्या. ह्यांना म्हटलं, साखर घालून देऊन या, तर म्हणाले, “तू बरी झालीस की दे काहीतरी नीट. लोक काय डबे मोजत बसलेत?” पुरुषांना वाटतं तसं. मोजत नाहीत हे खरं, पण डबा कुणाकडे गेलाय हे प्रत्येकीला पक्कं माहीत असतं.

नोव्हेंबरच्या अखेरीस चांगली थंडी पडली, शालीत प्लास्टर गुंडाळून झोपावं लागे. मग तिकडे पुदुच्चेरीजवळ फेंगल चक्रीवादळ आलं आणि इकडे पुण्यात ढग दाटून थंडी गेली. 3 डिसेंबरला प्लास्टर निघालं. आतून निघालेला हात माझा वाटेना. बारीक, सालपटं सुटलेला, मनगट दाराच्या गंजक्या कडीसारखं. गरम पाण्यात बुडवून हलवायचं, रबरी चेंडू दाबायचा, जड उचलायचं नाही.

आणि 7 तारखेला, शनिवारी, चंपाषष्ठी.

माझं सासर पुरंदर तालुक्यातलं, कुलदैवत जेजुरीचा खंडोबा. मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला घट बसतात, षष्ठीला उठतात. आषाढात वांगं बंद केलेलं, ते या दिवशी देवाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून सुटतं. सासूबाई कांदा-लसूणही चातुर्मासभर पाळत. मी फक्त वांगं पाळते, कारण वांग्याची मला खरोखर किंमत आहे. माझं माहेर यावल तालुक्यातलं. आमच्याकडे वांगं म्हणजे हिरवट-पांढरं, हातभर लांब, अर्ध्या किलोच्या पुढचं, आत बी जवळजवळ नाहीच. जळगावच्या या भरिताच्या वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आम्ही मात्र आधीपासूनच गर्वाने फुगलेलो. लग्न होऊन आले त्या वर्षी सासूबाईंनी जांभळ्या वांग्याच्या भरितात दही घातलेलं बघून मी परातीपाशी रडले होते. आता दह्याचंही आवडतं. पण तो पदार्थ वेगळा, एवढं माझं म्हणणं कायम आहे.

भावाला फोन केला. त्याने रात्रीच्या बसने पोतं पाठवलं. आठ किलो वांगी, पातीचा कांदा, कळण्याचं पीठ आणि मी न सांगता, सुतळीने बांधलेला पऱ्हाट्यांचा भारा. कपाशीच्या या वाळक्या काड्यांचा जाळ भसकन पेटतो आणि पटकन विझतो, वांग्याला धुराचा वास लागतो तो त्यानेच. गॅसवर भाजलेल्याला तो वास नाही.

इमारतीच्या मागच्या मोकळ्या जागेत घमेल्यात जाळ केला. वांग्यांना तेलाचा हात लावून सुरीने टोचे मारायचे, नाहीतर फुटतात, हे मी या वेळी आठवणीने आधी सांगितलं. हे, वॉचमन आणि तिसऱ्या मजल्यावरची मुलं जाळाभोवती उकिडवे. मी स्टुलावर, तेच. वांगं भाजत आलं की आधी साल काळी पडते, मग अंग सुरकुततं, मग देठापाशी रस उकळून सूं असा आवाज येतो. आवाज थांबायच्या आत उचलायचं. हे इंदूरच्या मुलाला पहिल्या फटक्यात कळलं. ह्यांना चौथ्या वांग्याला.

गावाकडची लाकडी बडगी पुण्यात नाही, म्हणून मोठ्या पातेल्यात बत्त्याने ठेचलं. ठेचायला लातूरचा. भाजलेल्या हिरव्या मिरच्या आणि लसूण आधी, मग वांगं, मग तेलात परतलेले शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, चिरलेली कांद्याची पात, कोथिंबीर. हळद नाही, टोमॅटो तर नाहीच. मीठ मी घालणार म्हणून सगळे थांबले. नैवेद्याचं, म्हणून आधी चाखायचंही नाही. मी हात बरणीत घातला. बोटं जुळली, पण पूर्वीसारखी मिटेनात. अंदाजाने चार चिमट्या घातल्या.

घरात तळी भरायची तर पाच जण लागतात. हे, वहिनींचे यजमान, वॉचमन, ती दोन मुलं. ताम्हनात भंडारा, खोबरं, पान, सुपारी. इंदूरच्या मुलाला ‘सदानंदाचा येळकोट’ शिकवावं लागेल असं वाटलं होतं, पण त्याचाच आवाज सगळ्यांत मोठा निघाला. होळकरांचं कुलदैवत जेजुरीचंच, हे मी विसरले होते. भंडाऱ्याने स्वयंपाकघराची भिंत पिवळी झाली, पिठल्याच्या ठिपक्यांना सोबत मिळाली. नैवेद्य झाला, रोडग्याचा एक तुकडा खाली कुत्र्याला गेला. रोडगे ह्यांनीच थापले होते, जाड-बारीक, वहीत बघून.

मग ह्यांनी भरिताचा घास घेतला. चावले. माझ्याकडे बघितलं.

“मीठ कमी आहे.”

चौतीस वर्षांत पहिल्यांदा. मी उठायला गेले तर हात करून बसवलं, चमचा घेतला, वही उघडलीही नाही आणि पातेल्यात मीठ घालून ढवळलं. चाखलं. पुन्हा इवलंसं घातलं.

“किती घातलंत?” मी विचारलं.

“अंदाजाने.”

संध्याकाळी डबे भरले. भरीत, वर पातीचा कांदा, फडक्यात कळण्याच्या भाकऱ्या. भाकऱ्या वहिनींनी माझ्याच ओट्यावर थापल्या, त्यांचा डबा त्यांनीच भरून नेला. मुलांच्या दारात नवा स्टीलचा डबा ठेवला आणि बजावलं की हा परत द्यायचा. आजी म्हणाल्या, भरितात दही घातलं असतंस तर. मी काही बोलले नाही.

आठ डबे गेले. नववा राहिला. उभा, जुन्या घडणीचा, जाड स्टीलचा. दिवाळीनंतर त्यात कुणीतरी डिंकाचे लाडू आणले होते, मी औषधाच्या गुंगीत झोपले होते आणि दार ह्यांनी उघडलं होतं. कोण होतं विचारलं तर, “एक बाई होत्या,” एवढंच. डब्यावर नाव घातलेलं आहे, पण घासून घासून अक्षरं गेली आहेत. तिरकं धरलं की ‘मामाकडून’ वाचता येतं आणि पुढे 1981. मी भरीत घालून तो डबा मजल्यामजल्यावर फिरवला. सगळ्यांनी उचलून बघितला, छान आहे म्हणाल्या, आमचा नाही म्हणाल्या. लाडू फार सुरेख होते, डिंक नेमका फुललेला.

शेवटी ते भरीत आम्हीच खाल्लं. डबा धुऊन पुसून फ्रिजवर ठेवला. हे म्हणाले, मिठाची बरणी तुला उघडत नाही, तर त्यात मीठ भरू या का? मी नको म्हटलं. कुणी मागायला आलं तर.