तूप बंद, खोबरं चालू!

"तेवढ्याशा तुपानं काय होतंय गं?" असं आई म्हणाली, आणि त्याच रात्री साडेअकराला आम्ही दोघी कॅज्युअल्टीत होतो. माझे ओठ सुजलेले, अंगावर गांधी आणि आईच्या हातात माझ्या चपला. त्या पायात घालायचंही मला सुचलं नव्हतं.

निदान झालं दुधातल्या प्रोटीनच्या अ‍ॅलर्जीचं. लॅक्टोज इनटॉलरन्स वेगळा हं! त्यात पोट बिघडतं, दही-ताक बऱ्याच जणांना थोडंफार चालून जातं. इथे मात्र प्रोटीनशीच वैर. तुपात ते नखभरच उरतं, पण मला तेवढंही नडलं. त्यामुळे दूध, दही, पनीर, लोणी, तूप, ऑफिसच्या बर्थडेचा केक... सगळ्यालाच टाटा. वरणभात तेवढा कोरडा ठणठणीत समोर यायचा आणि आई माझ्या ताटाकडे बघायचंच टाळायची.

मग एका सुपरमार्केटच्या 'इम्पोर्टेड' शेल्फवर कोकोनट बटर दिसलं. किंमत बघून बरणी गुपचूप परत ठेवली आणि मोबाइलवर फोटो काढून आईला दाखवला. चष्मा वर करून ती म्हणाली, "अगं, हे तर वाटलेलं खोबरं!"

अगदी बरोबर. तेल काढताना चोथा मागे राहतो. बटरमध्ये खोबरं चोथ्यासकट वाटलेलं असतं, त्यामुळे फायबरही पोटात जातं. दोन वाट्या बिनसाखरेचं डेसिकेटेड कोकोनट मिक्सरमध्ये घाला. आधी नुसता भुसा दिसतो, मग ओल्या वाळूसारखा गोळा होतो, आणि आपण वैतागून सोडून देणार तेवढ्यात ते अचानक सैल पडतं. दहाएक मिनिटं लागतात. मध्ये मध्ये थांबून कडा खरवडायच्या, नाहीतर मोटर जाईल. ओला नारळ घेऊ नका, त्याची चटणी होते! (आमची झाली. छान होती, पण चटणीच.) बरणी आणि चमचा कोरडाच हवा.

खोबऱ्याचं तेल साधारण २४ अंशांना वितळतं. त्यामुळे मुंबईच्या मे महिन्यात हे बटर ओतता येतं आणि फ्रिजमध्ये त्याचा दगड होतो. बाहेरच ठेवा, वर तेल तरंगलं तर ढवळा.

गरम भाकरीवर हे आणि लसणाची चटणी म्हणजे, काय सांगू! दोन चमचे बटर कोमट पाण्यात मिक्सरमधून फिरवलं की नारळाचं दूध तयार. आगळ घातलं की सोलकढी. रात्री नऊला ऑफिसमधून येऊन नारळ खवण्याइतकी मी गुणी नाही. खजूर आणि भाजलेल्या शेंगदाण्यांबरोबर लाडू वळले तर ड्रॉवरमध्ये ठेवून चार वाजताची भूक भागते. फोडणीला मात्र वापरू नका, चोथा करपतो. चहातही घालून बघितलं. नको.

आणि हे काही डाएट फूड नाही. एका मोठ्या चमच्यात शंभराच्या आसपास कॅलरी, आणि फॅट बहुतेक सगळं सॅच्युरेटेड. बाबांचं कोलेस्टेरॉल वाढलेलं, त्यामुळे त्यांना बरणीला हात लावायची बंदी आहे. ते लावतात.

यंदा गणपतीत आईने उकडीचे मोदक केले. नैवेद्याच्या मोदकांवर नेहमीसारखं तूप. माझे दोन वेगळ्या ताटलीत, वर सैल केलेलं खोबऱ्याचं बटर. मावशी सवयीने तुपाचा चमचा घेऊन माझ्या ताटलीकडे वळली.

"थोडंसं घे गं, सणाचं..."

आईने तिचा हात मनगटाशी धरला. "तिला नको. आणि तो चमचा तिच्या बरणीत घालू नकोस."