बाटली बाजूला ठेवणाऱ्या आजी

स्टुटगार्टला शिकत असताना मी ज्यांच्या घरी भाड्याने राहिले, त्या जर्मन आजींचं माझ्यावर फार मोठं ऋण आहे. पर्यावरण अभियांत्रिकीची पदवी मला विद्यापीठानं दिली, पण टाकलेल्या वस्तूकडे बघायचं कसं, हे आजींच्या घरात कळलं.

त्यांचं बालपण महायुद्धानंतरच्या टंचाईत गेलेलं. पश्चिम जर्मनीत १९५० पर्यंत रेशन चालू होतं. शिळा पाव, पुड्याची दोरी, भेटवस्तूचा कागद, काहीच त्यांच्या हातून वाया जात नसे. हिवाळ्यात सकाळी त्या हीटर बंद करून खिडक्या पाच मिनिटं सताड उघडत आणि पुन्हा घट्ट लावत. दमट हवा जाते, भिंतींची ऊब राहते. जिना झाडायची आठवड्याची पाळी, म्हणजे श्वाबेन भागातली ‘केरवोखे’, त्यांनी वयाची सबब सांगून कधी चुकवली नाही. पाळीची पाटी शेजारच्या दारावर अडकवूनच त्या निवांत होत. काचेच्या बरण्या पांढऱ्या, तपकिरी, हिरव्या अशा वेगळ्या करून कोपऱ्यावरच्या पेट्यांत टाकायच्या, त्याही रविवारी नाही. फुटण्याच्या आवाजानं लोकांची विश्रांती मोडते.

जर्मनीत बाटलीवर अनामत असते. २००३ पासून पाण्याच्या एकदाच वापरायच्या प्लास्टिक बाटल्यांवर आणि पेयांच्या धातूच्या डब्यांवर ती लागू झाली. आज ती २५ सेंट आहे. बिअरच्या काचेच्या बाटलीवर बहुधा ८ सेंट. रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात घातली की पावती मिळते आणि बिलातून तेवढे पैसे वजा होतात. ही व्यवस्था मी पाठ्यपुस्तकात वाचली होती, पण तिची दुसरी बाजू आजींबरोबर बागेत गेले तेव्हा दिसली. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी बाटली कचरापेटीत टाकली नाही, पिशवीतही ठेवली नाही. पेटीच्या बाहेर, खांबाला टेकवून नीट उभी केली. अनामतीच्या पैशांसाठी बाटल्या गोळा करत फिरणारे म्हातारे, बेरोजगार लोक मी शहरात पाहिले होते. “घेणाऱ्यानं घाणीत हात का घालायचा?” एवढंच त्या म्हणाल्या आणि पुढे चालू लागल्या.

मला वाटतं, कचऱ्याचा सगळा विचार त्या एका प्रश्नात आहे. वस्तू आपल्या हातून सुटली की ती कुणाच्या तरी हातात जाते. तिकडे अनामतीचा नियम आहे म्हणून बाटल्या परत येतात, हे खरंच, नियम हवाच. पण तो हात डोळ्यांपुढे असणं ही आजींची स्वतःची कमाई होती आणि त्यांनी ती मला फुकट दिली.

मी आता पुण्यात राहते. इथे २००८ पासून ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताई महापालिकेबरोबरच्या करारानं घरोघरचा कचरा नेतात आणि सुका माल हातानं निवडतात. आजींचं ऋण फेडायला माझ्याकडे दुसरा मार्ग नाही, म्हणून तुम्हालाच विनवते. फुटलेली काच जाड कागदात गुंडाळून वर ‘काच’ असं लिहा. पॅड, डायपर वेगळे बांधून त्यावर लाल खूण करा. दुधाची पिशवी विसळून द्या. हे आजच्या कचऱ्यापासूनच सुरू करा.