प्रतवारी

नेरचा मुलूख कापसाचा. येथे प्रतवारी हा शब्द कोणास समजावून सांगावा लागत नाही. १९७२ साली कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली आणि पुढे वर्षानुवर्षे ग्रेडरच्या एका शब्दावर भाव ठरत गेला. तंटे पुष्कळ होत. परंतु कापूस डोळ्यांसमोर असे, प्रत कानांवर पडे, भांडता येई. माणसांची प्रतवारी मात्र दाराआड होत आली. तिचे नावच गोपनीय अहवाल!

सीमा रस्ते संघटनेतील अभियंते देव दत्त यांना १९९३-९४ या वर्षी 'चांगला' असा शेरा मिळाला. बढतीस 'फार चांगला' हवा होता, आणि शेरा त्यांना कळविलाच नव्हता. प्रत्येक शेरा कर्मचाऱ्यास कळविलाच पाहिजे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली दिला. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात प्रभूने घालून दिलेला क्रमही तोच आहे: बंधूचा दोष प्रथम बंधूलाच सांगावा.

तथापि कळविल्याने जूट होत नाही. इंग्लंडमधील मेरेडिथ बेल्बिन यांनी बुद्धिचाचणीत अग्रेसर ठरलेल्यांचेच गट बांधून पाहिले. ते बहुधा मागे पडले; एकमेकांचे म्हणणे खोडण्यातच त्यांचा वेळ जाई. आम्हांस याचे नवल वाटत नाही, धर्मग्रामाच्या सभा आम्ही पाहिल्या आहेत.

आपल्या शाळांतून, दवाखान्यांतून वर्षअखेरीस असे कागद भरले जातात. त्यांत आणखी एक रकाना असावा: याच्यामुळे इतरांचे कोणते काम सुकर झाले? तो सहकाऱ्यांनी भरावा, आणि त्याच्यादेखत.