सिविक सेंटरजवळची जोंगा

सध्या एनसीसीच्या पोस्टिंगवर भिलाईत आहे. रविवारी संध्याकाळी सिविक सेंटरला चक्कर ठरलेली. तिथला कृष्ण-अर्जुनाचा रथ बघायचा, चहा घ्यायचा, परत यायचं. मी एमटीचा ड्रायव्हर, त्यामुळे माझं लक्ष अर्जुनापेक्षा सारथ्याकडेच जास्त.

जुनी गाडी शोधायची तर चहावाला आणि पंक्चरवाला यांनाच विचारावं. चहावाल्यानेच पत्ता दिला. जवळच्याच एका आवारात, शेवग्याखाली, मागचा भाग कापून पिकअपचा हौदा बसवलेली निळी गाडी उभी होती. नाक बघताच ओळखलं. जोंगा!

नव्या पोरांसाठी सांगतो. निस्सानच्या पी-६० पेट्रोलवरून ही गाडी जबलपूरला १९६९ पासून १९९९ पर्यंत बनली. 'जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली' यातून जोंगा हे नाव आलं. सहा सिलिंडर, ३९५६ सीसी, पेट्रोल पाण्यासारखं पिणार. म्हणून लिलावात घेणारे बहुतेक लोक डिझेल इंजिन बसवत. मी गाडी शिकलो ती जोंगावरच. उस्ताद बाजूला बसून गुडघ्यावर टपली मारायचे. ते आता नाहीत. एक जोंगा उभी करायची, हे तेव्हापासून मनात आहे.

मालक काका मूळ यवतमाळचे, भिलाई स्टील प्लांटमधून रिटायर झालेले. मी हातोडी घेऊन खाली शिरलो. चेसीवर ठोकत गेलो. खणखणीत आवाज आला तर लोखंड जिवंत, भद्द आला तर आतून खाल्लेलं. डावीकडे एका जागीच भद्द आला. नखाने निळा रंग खरवडला, तर खाली आपला ऑलिव्ह ग्रीन. तो रंग मात्र परत देता येणार नाही. मोटार वाहन नियमांप्रमाणे तो फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना.

"घेऊन जा जी, हवालदार साहेब," काका म्हणाले. "पोरगा भंगारात द्या म्हणतो. भंगाराच्या भावात देतो."

"काका, कागद?"

ते आत गेले आणि प्लास्टिकची पिशवी घेऊन आले. लिलावाच्या पत्राला वाळवी लागलेली. आरसी आधीच्या मालकाच्या नावावर, आणि तो वारलेला. चेसी नंबरचे शेवटचे तीन आकडे गंजात गेलेले.

खिशात पैसे होते. मन म्हणत होतं, घे, पुढचं पुढे. पण उस्तादांचा पहिला धडा आठवला: फर्स्ट परेड झाल्याशिवाय गाडी गेटबाहेर काढायची नाही. तेल, पाणी, हवा बघतो तसेच कागदही बघायचे. जी गाडी रस्त्यावर कायदेशीर येऊ शकत नाही, ती घेऊन मी तिला फक्त दुसऱ्या झाडाखाली उभी केली असती.

नाही म्हणालो. काका काही बोलले नाहीत.

पुढच्या रविवारी बॅटरी घेऊन गेलो. फिल्टर बदलला, डिझेल लाइनमधली हवा काढली. चौथ्या सेल्फला इंजिन धरलं. काका स्टिअरिंगवर बसले होते. पाच मिनिटं त्यांनी गाडी बंद करू दिली नाही.

आता आम्ही दोघं त्या वारलेल्या मालकाच्या वारसांचा शोध घेतोय. सापडले तर कागद होतील. गाडी माझी होईल की काकांचीच राहील, ते तेव्हा बघू. भंगारवाल्याला मात्र काकांनी नाही सांगितलंय.