लाभ, दोन, तीन

खळ्यावर ज्वारी मोजताना आजोबा पहिल्या पायलीला कधी ‘एक’ म्हणत नसत. ‘लाभ’ म्हणायचे. लाभ, मग दोन, मग तीन. वहाणा बाजूला काढून, राशीकडे तोंड करून ते बसत आणि मोजणं संपेपर्यंत मधे कोणी बोललेलं त्यांना खपत नसे. शेवटची पायली अर्धीच भरली तर ‘अर्धी’ असं मोठ्यानं सांगत. ‘भरलीच धरा की’ म्हणणाऱ्याकडे ते नुसते बघत, आणि तेवढं पुरत असे.

जानेवारीतल्या एखाद्या पहाटे संत चोखासागराच्या काठावर दुर्बीण लावून बसलो की पहिल्या पक्ष्याला माझ्या तोंडून तोच शब्द निघतो. लाभ.

चोखासागर म्हणजे आमच्या देऊळगाव राजा तालुक्यातलं खडकपूर्णा धरणाचं पाणी. संत चोखोबांचा जन्म इथल्याच मेहुणा राजा गावचा मानतात, म्हणून जलाशयाला त्यांचं नाव दिलं. बारा जानेवारीला सिंदखेड राजाला जिजाऊंच्या जन्मोत्सवाला लोटलेली गर्दी ओसरते, रस्ते पुन्हा आमचे होतात, आणि त्याच सुमाराला आशियाई पाणपक्षी गणनेचे दिवस येतात. भारतात ही गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते. त्या एकाच पंधरवड्यात कुठे कुठे माणसं थंडीत कुडकुडत पाण्याच्या काठी बसून वहीत रेघा ओढत असतात, हे आठवलं की आपला काठ तेवढा एकटा वाटत नाही.

आमच्या पाण्यावर सगळ्यात आधी दिसतो तो वारकरी. काळाभोर, कबुतरापेक्षा थोराड, कपाळावर पांढराशुभ्र टिळा. मराठीत या पक्ष्याला वारकरी हे नाव कोणी दिलं कोण जाणे, पण चोखोबांच्या नावाच्या पाण्यावर शेकडो वारकरी एका दिशेनं संथ सरकताना पाहिले की नाव देणाऱ्याला हात जोडावेसे वाटतात. त्यांच्या कडेनं हळदी-कुंकू बदकं, रुंद चोचीचे थापट्ये, शेपटीची सुई मिरवणारी तलवार बदकं. उथळ गाळात लाल काड्यांसारख्या पायांवर शेकाटे. आणि सदा बुडी मारून बसणारी टिबुकली. तिच्यापायी मोजणाऱ्याचा जीव मेटाकुटीला येतो. पाच दिसतात, दोन बुडतात, तीन वर येतात. यातली नवी कोणती आणि जुनी कोणती?

थव्याचं गणित वेगळं. आधी दहा पक्षी नीट मोजायचे. ते दहा दुर्बिणीत किती जागा घेतात हे डोळ्यात बसवायचं आणि तोच तुकडा थव्यावरून पुढे पुढे सरकवत न्यायचा. दहा, वीस, तीस. ऊन पाठीशी हवं. दोन काठांवर दोन जण असतील तर दोघांनी एकाच वेळी सुरुवात करायची, नाहीतर इकडून उठलेला थवा तिकडे जाऊन पुन्हा मोजला जातो. एवढं सांभाळूनही दलदलीवरचा भोवत्या घिरट्या घालत आला की सगळं पाणी एकदम उठतं. तासाभराची मेहनत हवेत. मग थवा बसेपर्यंत थांबायचं आणि पुन्हा लाभपासून सुरू करायचं. एका सकाळी एक भोई भाऊ थर्माकोलच्या तराफ्यावरून जाळी काढत होते. त्यांनी हे दोनदा झालेलं पाहिलं आणि म्हणाले, “पुन्हा पहिल्यापासून मोजू राह्यले का सर? अंदाजानं लिहून टाका ना.” मी म्हणालो, “भाऊ, तुम्ही मासळी अंदाजानं देता का?” ते हसले आणि आमचं पाणी ढवळू नये म्हणून तराफा लांबून नेला.

त्या सकाळी डोक्यावरून नदी सुरय गेला. पिवळी चोच, डोक्यावर काळी टोपी, चिमट्यासारखी दुभंगलेली शेपूट. पाण्यावर क्षणभर थबकून त्यानं सरळ सूर मारला. सोबत आलेल्या नववीच्या पोरांना मी सांगितलं, याचे बरेच भाऊबंद समुद्रावर राहतात. त्यातल्या एका मुलीनं विचारलं, “सर, समुद्राला तर काठ एकाच बाजूला असतो. मग तिथली पाखरं कशी मोजतात?”

तिनं समुद्र पाहिलेला नव्हता. आमच्या गावापासून तो सरळ रेषेत साडेतीनशे किलोमीटर. पण मी भूगोल शिकवतो, आणि आमच्या जिल्ह्याचा एक भूगोल फार कमी जणांच्या लक्षात येतो. घाटाखाली पडलेला पाऊस नळगंगेनं पूर्णेत, पूर्णेतून तापीत आणि तिथून अरबी समुद्रात जातो. घाटावर पडलेला पैनगंगेनं नाहीतर खडकपूर्णेनं गोदावरीत जाऊन बंगालच्या उपसागराला मिळतो. अजिंठ्याच्या डोंगराच्या एका धारेवर पडलेले दोन थेंब दोन समुद्रांना जातात. त्या मुलीला मी हेच सांगितलं. मोजायचं कसं, ते मला सांगता आलं नाही. त्या उत्तराच्या मागे मी दोन वर्षं होतो.

समुद्रावर काठ नाही, झाड नाही, अमुक खडकापासून तमुक खडकापर्यंत असं म्हणायला खडकही नाही. म्हणून मोजणारा आपली हद्द स्वतःच आखतो. जहाजाच्या एका बाजूला ३०० मीटर रुंदीचा पट्टा धरायचा. जहाज पुढे जाईल तसा तो पट्टाही पाण्यावरून पुढे जातो. त्यातले पक्षी मोजायचे, बाहेरचे सोडायचे. किती लांब गेलो ते माहीत, रुंदी माहीत, म्हणजे किती चौरस किलोमीटरमध्ये किती पक्षी ते निघतं. निरनिराळ्या देशांत निरनिराळ्या रीती चालत होत्या. मार्क टास्कर आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी १९८४ साली त्या सगळ्या तपासून एक सामाईक रीत सुचवली. पुष्कळ ठिकाणी आजही तिच्याच पायावर काम चालतं.

पाण्यावर बसलेले पक्षी सरसकट मोजता येतात. खरा पेच उडणाऱ्यांचा. उडता पक्षी जहाजापेक्षा वेगानं जातो. तासाभरात पट्ट्यातून पार झालेला प्रत्येक पक्षी धरला, तर आकडा खऱ्याच्या कितीतरी पट फुगतो. पोरांना मी हे एस.टी. स्टँडवर समजावलं. दिवसभर फाटकाशी उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या मोजल्या, तर स्टँडमध्ये गाड्या किती हे कळत नाही. एका क्षणी आत किती उभ्या आहेत ते बघावं लागतं. समुद्रावरही तसंच. ताशी १८ किलोमीटरनं चाललेली बोट मिनिटाला बरोबर ३०० मीटर जाते. म्हणून दर मिनिटाला एकदा, फक्त त्या क्षणापुरतं, समोरच्या ३०० मीटरच्या चौकटीत हवेत किती पक्षी आहेत ते टिपायचं. मग उरलेलं मिनिटभर ते कितीही सुंदर उडोत, लिहायचं नाही. मला ही शिस्त फार आवडली.

आणखी एक नियम आहे. आपल्याच बोटीच्या मागे लागलेले पक्षी हिशेबात धरायचे नाहीत. ते समुद्राचे म्हणून तिथे नसतात, आपल्यामुळे आलेले असतात.

३०० मीटर कुठे संपतात हे समुद्रावर ओळखायचं कसं? त्यासाठी एक साधी पट्टी पुरते. दिवाळीच्या सुटीत वेंगुर्ल्याच्या बंदरातून एका मच्छीमार बोटीवर मी ती घेऊन गेलो. सागवानी पट्टी, वीतभर, तिच्यावर पेन्सिलीच्या खुणा. हात पूर्ण लांब करून पट्टीचं वरचं टोक क्षितिजाला टेकवायचं. डोळा पाण्यापासून तीन मीटर उंच असेल, तर १०० मीटरची खूण टोकाच्या खाली जेमतेम पावणेदोन सेंटीमीटरवर येते. ३०० मीटरची अर्ध्या सेंटीमीटरवर. अर्धा सेंटीमीटर म्हणजे गव्हाच्या दाण्याएवढीही जागा नाही, आणि शेवटचा सगळा समुद्र तेवढ्यात बसतो. बोट डुलली की खूण क्षितिजावरून निसटते. मग श्वास रोखायचा, दोन लाटांच्या मधली निवांत घडी पकडायची.

पहिली अकरा मिनिटं मी शून्य लिहिलं. शून्य, शून्य, शून्य. बोटीचे तांडेलकाका मागून बघत होते. त्यांनी बोट दाखवून म्हटलं, “पाखरां खंय उतरतत तां बघा, मासो थंयच असता.” त्यांच्या दृष्टीनं मी बोट चुकीच्या पाण्यातून न्यायला सांगत होतो, आणि मासळी धरणाऱ्याच्या हिशेबानं त्यांचंच बरोबर होतं. पण पक्षी असतील तिकडेच जात राहिलं तर समुद्र सगळीकडे भरलेलाच दिसेल. ठरलेल्या रेषेवरून जायचं, आणि रिकामं पाणी रिकामं म्हणून लिहायचं. बाराव्या मिनिटाला तुरेवाले सुरय आले. चार. दोन ५० मीटरच्या आत, दोन २०० च्या पलीकडे. चोची केशरी-पिवळ्या, उन्हात पेटल्यासारख्या. त्या चारच्या आकड्याइतका आनंद मला शंभराच्या थव्यानंही कधी दिला नव्हता.

जवळचे आणि लांबचे वेगळे लिहितात त्याला कारण आहे. जवळचा पक्षी सुटत नाही, लांबचा सुटतो, त्यातही लहान आणि काळपट असला तर हमखास. पट्ट्याचे ५०, १००, २००, ३०० असे टप्पे केले की लांबच्या टप्प्यांत किती कमी दिसले ते कळतं. त्यावरून जे डोळ्यांना दिसलेच नाहीत, पण होते, त्यांचा हिशेब मांडता येतो. हे वाचलं त्या रात्री मी बराच वेळ जागा होतो. आमच्या चोखोबांना पंढरपुरात देवळाच्या दाराबाहेर उभं राहावं लागलं. ते आतून कुणाला दिसत नव्हते म्हणून नव्हतेच, असं त्यांच्या काळातल्या कितीतरी लोकांनी धरलं असेल. न दिसलेल्यासाठीही आकड्यात जागा ठेवणारी रीत कुठल्या शास्त्रात असेल, तर ते शास्त्र मला माझ्या माणसांचं वाटतं.

दुपारी वेंगुर्ल्याचे खडक दिसले. किनाऱ्यापासून बऱ्याच आत, वर दीपगृह, खाली पाकोळ्यांच्या गुहा. ॲलन ह्यूम १८७५ साली इथे येऊन गेले. काँग्रेसच्या स्थापनेतले तेच ह्यूम, पक्ष्यांमागेही वर्षानुवर्षे फिरलेले. पुढे हुमायून अब्दुलअली यांनी इथल्या सुरयांवर आणि पाकोळ्यांवर १९४२ साली लिहिलं. या खडकांवर सुरय पावसाळ्यात अंडी घालतात. नेमका तेव्हाच समुद्र खवळलेला, आणि जून-जुलैत मासेमारी बंद. अंटार्क्टिकाच्या बेटांवर जन्मलेला चिमणीहून थोडा मोठा विल्सनचा वादळपक्षी अरबी समुद्रावर येतो तोही याच दिवसांत. ही पाखरं सगळ्यात जास्त असतात तेव्हा पाण्यावर माणूस सगळ्यात कमी असतो. युरोपाजवळच्या उत्तर समुद्रात पवनचक्क्या उभारण्याआधी विमानातून कॅमेऱ्यानं पक्षी टिपतात. आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यातला समुद्र असा वर्षानुवर्षे टिपला जावा, असं मला फार वाटतं.

परत आल्यावर पोरांना घेऊन लोणारला गेलो. आमच्या जिल्ह्यातलं खाऱ्या पाण्याचं सरोवर. उल्का आदळून झालेलं विवर, २०२० साली पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलेलं. पाण्याचा व्यास साधारण सव्वा किलोमीटर, म्हणजे समुद्रावरचे चार पट्टे शेजारी शेजारी मांडले की एका काठापासून दुसरा काठ आला. कमळजा देवीच्या देवळाजवळ उभं राहून मी पोरांना पट्टी दिली. इथे क्षितिज नाही, चहूबाजूंनी विवराची भिंत, त्यामुळे पट्टी चालत नाही. मग त्यांनीच तोड काढली. शाळेच्या रस्त्यावर टेपनं ३०० मीटर मोजले, टोकाला लाल फडकं बांधलं आणि आठवडाभर येता-जाता त्या फडक्याकडे बघून डोळ्याला अंतर शिकवलं. त्यानंतर चोखासागरावर ती मुलगी दुर्बिणीतून डोळा न काढता म्हणाली, “सर, ती काठालगतची टिबुकली अडीचशेच्या आतच आहे.” मी धरणाच्या दगडी पिचिंगवरून पावलं टाकून काठाकाठानं मोजलं. दोनशे चाळीस भरलं.

तिच्या वहीत पहिल्या ओळीवर आकड्याच्या जागी ‘लाभ’ लिहिलेलं होतं.

येत्या जानेवारीत, जिजाऊंच्या उत्सवानंतरच्या रविवारी, सूर्य उगवायच्या आत चोखासागरावर या. देऊळगाव राजापर्यंत एस.टी. मिळते. दुर्बीण नसली तरी चालेल, आमच्याकडे दोन आहेत. वही मात्र आपली आणा, आणि ज्या तुकड्यात काहीच दिसणार नाही तिथे शून्य लिहायला लाजू नका.