नऊ फुटांवर एक रोप

मुंबईहून आमच्या गावी यायचे तर कोकण रेल्वेने माणगावला उतरावे आणि श्रीवर्धनची एस. टी. धरावी. म्हसळा मागे पडले की रस्ता डोंगराची वळणे घेतो आणि शेवटच्या उतारावर नारळी-पोफळींचे शेंडे दिसू लागतात. पेशव्यांचे मूळ गाव म्हणून श्रीवर्धन पुष्कळांना माहीत असते. १९४८ पर्यंत ते जंजिरा संस्थानात होते, हे थोड्यांना. आमच्या घरात मात्र श्रीवर्धन म्हणजे रोठा सुपारी. तिच्याच पैशांत अब्बांनी सगळ्या भावंडांच्या शाळेच्या फिया भरल्या.

नोकरीतून मोकळे होऊन आम्ही दोघे २०१८ साली इथे कायमचे राहायला आलो. आधीची ३५ वर्षे मुंबईत दोन खोल्यांत गेलेली. बागेचे आमचे ज्ञान म्हणजे खिडकीतला पुदिना! पण वाडीने हळूहळू शिकवले. फजरनंतर चहा, मग शिंपणे. विहिरीवर पूर्वी रहाट होता, आता पंप आहे. पाणी मात्र अजून पाटानेच फिरते. एकाने पंप सांभाळायचा, दुसऱ्याने पाटाचे तोंड फोडून पाणी या आळ्यातून त्या आळ्यात न्यायचे. मग गळालेल्या विऱ्या आणि झावळ्या गोळा करायच्या. दुपारी जीवना बंदरावरची मासळी, तांदळाची भाकरी आणि डुलकी. असरनंतर ओट्यावर बसून शेजारच्या काकूंशी कढीपत्त्याची आणि गावातल्या बातम्यांची देवघेव. दोन वर्षे अशी सुखाची गेली.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आमच्याच किनाऱ्याला धडकले. वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरहून अधिक होता, हे नंतर कळले. त्या वेळी आम्ही मधल्या खोलीत भिंतीला टेकून उडणारी कौले मोजत होतो. पुढे मोजणे सुटले आणि कलमा तेवढा ओठांवर राहिला. वारा पडल्यावर मागचे दार उघडले, तर परसात इतका उजेड होता की दुसऱ्याच कुणाच्या घरी आलो असे वाटले. पोफळी कुठे मुळासकट, कुठे मधूनच मोडून एकमेकींवर पडल्या होत्या. शंभरावर झाडांतली ११ उभी होती. टाळेबंदीमुळे मुले मुंबईत अडकलेली, फोन बंद, वीज नाही. वाडीत पूर्वीपासून काम करणारे मामा तेवढे कोयता घेऊन चिखलातून आले आणि काही न बोलता वाट मोकळी करू लागले.

पावसाळा संपल्यावर एक गृहस्थ आले. पर्यटकांसाठी खोल्या बांधायला त्यांना जागा हवी होती. भाव चांगला होता. मुलगा फोनवर म्हणाला, “अब्बा, देऊन टाका. अम्मीचे गुडघे बघा, तुमची शुगर बघा. आज पोफळ लावली तर सहा-सात वर्षांनी धरणार. तोवर...” पुढचे तो बोलला नाही, पण आम्हाला ते ऐकू आले.

त्याचे चुकत नव्हते. आमच्यातही एकमत नव्हते. एकाला वाडी हवी होती, दुसरीला दवाखान्याजवळचे घर. आठ दिवस आम्ही जेवताना मीठ-पाण्यापुरतेच बोललो. मग एके दिवशी मामा बोलता बोलता सांगून गेले की मागच्या कोपऱ्यातली रांग लावली तेव्हा अब्बा सत्तरीला टेकले होते. त्या रांगेची सुपारी काही त्यांनी पाहिली नाही. आम्ही मात्र दोन वर्षे ती खुशाल विकत होतो.

त्या रात्री तडजोड झाली: जागा विकायची नाही, पण आधी गुडघ्याचे ऑपरेशन, मग रोपे.

२०२१ च्या जूनमध्ये आम्ही ४० रोपे लावली. गावातच सुपारी संशोधन केंद्र आहे, तिथे विचारून आलो. दोन रोपांत नऊ फूट अंतर, म्हणजे ४० रोपांना जवळपास ३ गुंठे लागतात. कोवळ्या पोफळीला ऊन सोसत नाही. दुपारनंतरचे पश्चिमेचे ऊन तर खोड भाजून काढते. म्हणून सावलीला मधूनमधून केळी लावल्या. उन्हाळ्यात तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाणी आणि आळ्यात पाल्याचे आच्छादन.

सहा रोपे मेली. उरलेली ३४ आता आमच्या डोक्यावर गेली आहेत. पान गळाले की खोडावर एक कडे उमटते. संध्याकाळी ती कडी मोजणे हा आमचा नवा छंद. सुपारी अजून नाही. केळीचे घड मात्र उतरतात: एक मशिदीत, एक काकूंकडे, एक मामांकडे. जे मिळेल ते अल्लाहचे देणे. झाड लावण्याचा सवाब तर कुठे गेला नाही.

गेल्या मे महिन्यात मुलगा आला होता. दोन दिवस तो नुसता ओट्यावर बसून फोन बघत होता. तिसऱ्या दिवशी सकाळी पंपाचा आवाज आला म्हणून बाहेर पाहिले, तर तो पाटाचे तोंड फोडत उभा! निघण्यापूर्वी त्याने मागचा मोकळा तुकडा पावलांनी मोजला आणि तिथूनच ओरडून विचारले, “अब्बा, दोन रोपांत अंतर किती ठेवायचे?”

आम्ही दोघे एकदमच म्हणालो, “नऊ फूट.”