सात इंच पाणी

माझ्या बाबांच्या मचव्याला पाण्यात उतरवायला वीस माणसे लागत. उत्तनच्या किनाऱ्यावर उधाणाची भरती पाहून, ओंडके खाली सारून, एका सुरात हाका देत तो ढकलावा लागे. मुलाने अमेरिकेत होडी घेतल्याचे कळवले तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे तेच चित्र उभे राहिले आणि तिथे वीस माणसे तो आणणार कुठून, असा प्रश्न मला पडला.

गेल्या जूनमध्ये मेरीलँडला त्याच्या घरी गेलो, तेव्हा उलगडा झाला. होडी त्याच्या अंगणात, दोन चाकांच्या ट्रेलरवर, गाडीशेजारी उभी होती. लांबी पंधरा फूट, वजन सव्वादोनशे किलोंच्या आतबाहेर. पुढच्या बाजूस खुराड्याएवढी खोली. तीत दोन माणसे पाय पसरून निजू शकतात, मात्र बसायचे झाल्यास मान वाकवावी लागते. या जातीच्या होडीला ‘वेस्ट वाइट पॉटर’ म्हणतात. इंग्लंडच्या दक्षिणेस वाइट नावाचे बेट आहे. तेथील स्टॅन्ली स्मिथ या दर्यावर्दी कारागिराने १९६० च्या सुमारास तिचा आराखडा केला. हा गृहस्थ नुसता सुतार नव्हता. १९४९ साली आपल्या भावासह वीस फुटी शिडाच्या होडीतून त्याने अटलांटिक ओलांडला होता. पुढे ही पॉटर कॅलिफोर्नियात तयार होऊ लागली आणि बेताच्या मिळकतीच्या माणसांची लाडकी झाली.

तिची खरी खुबी पोटात आहे. बाबांच्या मचव्याला तळाशी लाकडी कणा होता आणि नीरम म्हणून आत दगड भरलेले असत. या होडीच्या मधोमध एक उभी फट असून तिच्यातून धातूची एक फळी खाली सोडतात. फळी खाली असली की होडी तीन फूट पाणी मागते आणि वाऱ्याने आडवी सरकत नाही. वारा तिला बाजूने ढकलू पाहतो, फळी ते ढकलणे अडवते, आणि होडीला पुढे जाण्यावाचून गत्यंतर उरत नाही. फळी वर ओढली की सात इंच पाणी पुरे. सात इंच! आमच्याकडे एवढ्या पाण्यात पोरे खुबे वेचतात.

अशा होडीला ही जागाही साजेशी आहे. चेसापीकचा उपसागर सुमारे तीनशे वीस किलोमीटर लांब. पण त्याची सरासरी खोली अवघी एकवीस फूट. काठाकाठाने खाड्या, पाणगवत आणि वाळूचे उथळे. आमच्या किनाऱ्यावर उधाणाला पाणी पंधरा फूट चढते, म्हणून तांडेलाचे सारे आयुष्य भरतीच्या घड्याळावर चालते. इथे पोटोमॅक नदीच्या मुखाकडे भरती-ओहोटीत जेमतेम दीड-दोन फुटांचा फरक. बाबांनी याला समुद्र म्हटले नसते.

एका शनिवारी आम्ही होडी गाडीमागे जोडून सेंट क्लेमेंट्स बेटाकडे निघालो. हे ठिकाण मुलाने माझ्यासाठीच निवडले होते. इंग्लंडमध्ये कॅथलिकांना छळाचे दिवस होते तेव्हा ‘आर्क’ आणि ‘डव्ह’ ही दोन जहाजे नव्या वसाहतीसाठी निघाली आणि २५ मार्च १६३४ रोजी या बेटावर येशूसंघीय फादर अँड्र्यू व्हाइट यांनी मिस्सा अर्पण केला. ‘आर्क’ मोठे, ‘डव्ह’ लहान, उथळ नद्यांतून हिंडता यावे म्हणून सोबत घेतलेले. आणि ही जहाजे अखेरीस निघाली ती त्याच वाइट बेटावरून, २२ नोव्हेंबर १६३३ रोजी. मुलाला याचे काय कौतुक! माझ्या मनात मात्र फादर व्हाइटांनी लिहून ठेवलेला दुसराच प्रसंग राहिला. बेटावर कपडे धुवायला निघालेल्या दासींची छोटी नाव उलटली, त्या बुडता बुडता वाचल्या आणि बरेचसे कपडे वाहून गेले. इतिहास अशा वेळी जवळचा वाटतो.

धक्क्यावर सर्वांत कठीण काम निघाले ते ट्रेलर मागे घेण्याचे. गाडीचे चाक डावीकडे वळवावे तर ट्रेलर उजवीकडे पळतो. तीनदा प्रयत्न फसला. मग डोलकाठी उभी केली, तिचे ताण बांधले, दोन शिडे चढवली. या साऱ्याला अर्धा तास लागला आणि माणसे दोनच. त्यांपैकी एक बहात्तर वर्षांचा.

बेट आता चाळीस एकरच उरले आहे. लाटांनी पोखरण्यापूर्वी ते चारशे एकरांचे होते म्हणतात. तिथल्या मोठ्या क्रुसापाशी आम्ही प्रार्थना केली, डबा खाल्ला आणि परत फिरलो. वाटेत वारा पडला. बेटाच्या टोकाशी फळी वाळूला लागून ‘खट्’ वाजली. मी नकळत हात घालून ती वर ओढली. होडी मोकळी झाली, पण जाणार कुठे? आम्ही नांगर टाकून गुडघाभर पाण्यात उतरलो आणि वाऱ्याची वाट पाहत होडीला टेकून उभे राहिलो.

“पप्पा, आजोबांचा मचवा कुठे गेला?” मुलाने विचारले.

हा प्रश्न मी चाळीस वर्षे टाळला होता. इंजिनाच्या होड्या आल्यावर बाबा दुसऱ्याच्या बोटीवर कामाला जाऊ लागले, तरी आपला शिडाचा मचवा त्यांनी मोडला नाही. दर वर्षी त्याला मुशीचे तेल लावायचे, पावसाळ्यात झापांनी शाकारायचे. पुढे अर्धांगाने ते खाटेला खिळले. १९८५ च्या उन्हाळ्यात मी, घरातला शिकलेला, त्यांना न विचारता तो मचवा लाकडासाठी विकला. आलेल्या पैशांतून घरावरची कौले बदलली. त्याच कौलांखाली बाबा आणखी दोन वर्षे जगले आणि रोज संध्याकाळी विचारत राहिले, “मचव्यावर झापं घातलीस का?” मी रोज ‘हो’ म्हणत असे. कोरड्या उन्हाळ्यातही ते विचारीत, तरी मी ‘हो’च म्हणे.

हे सगळे मी त्याला सांगितले. त्याच्याकडे न पाहता, पाण्याकडे पाहत सांगितले.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “आजोबांना माहीत होतं. मीच सांगितलं होतं. मचवा तोडत होते तेव्हा मी तिथे उभा होतो. धावत घरी येऊन त्यांना सांगितलं.”

तेव्हा तो पाच वर्षांचा होता.

“काय म्हणाले?”

“काही नाही. मला पाणी आणायला सांगितलं. आणि पप्पांना बोलू नकोस म्हणाले.”

मग ते रोज का विचारत होते? मी मनातल्या मनात त्या दोन वर्षांच्या संध्याकाळी मोजू लागलो आणि सोडून दिल्या. पाण्यातून लहान मासळी माझ्या पायांभोवती फिरत होती. मुलाने खिशातला रुमाल काढून पुढे केला. मी तो घेतला नाही, मग घेतला.

चारच्या सुमारास दक्षिणेकडून वारा सुटला. आधी पाण्यावर काळपट रेघ दिसली, मग शीड फडफडले. आम्ही वर चढलो. त्याने नांगर उचलला आणि सुकाणू माझ्या हाती दिले. लहानपणी बाबांनी मला ते कधी धरू दिले नव्हते. “तू शाळेत जा,” एवढेच म्हणत.

“फळी कधी सोडायची?” त्याने विचारले.

मी पाण्याच्या रंगाकडे पाहिले. पिवळट होते. “थांब जरा,” म्हटले. हिरवे आल्यावर सांगितले, “सोड आता.”